चाकाचं बेअरिंग आणि तीसची गोटी

आवाज सगळ्यात आधी ऐकला तो आईने. शृंगारतळी सुटली आणि गाडी साठवर गेली की ती म्हणायची, "भुंगा शिरलाय रे गाडीत." मला वाटलं टायर बोलतायत. पुढचे मागे टाकले, मागचे पुढे आणले. भुंगा जागचा हलला नाही.

गाडी २०१३ची हॅचबॅक, एक लाख तीस हजार किलोमीटर पळालेली. तिच्या नशिबात सुपारी, नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि आठवड्यातून एकदा गुहागर-चिपळूण-गुहागर. उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आठ महिन्यांपूर्वीच एका गॅरेजात बदलून घेतलं होतं, त्यामुळे त्याचा संशय येईना. त्यात डिसेंबरात मुंबईहून मावसभाऊ आला आणि फोटोसाठी गाडी ओल्या वाळूवर घेऊन गेला. अर्धं चाक भिजेल एवढी लाट आली. "बेअरिंगला सील असतं, काही होत नाही," असं तो म्हणाला. सील असतं हे खरं. पण पळून तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सिलाच्या कडेतून पाणी आत ओढते. आणि इथलं पाणी खारं.

कुठलं बेअरिंग गेलंय ते वळणावर कळतं. मार्गताम्हान्याच्या अलीकडे-पलीकडे वळणांना तोटा नाही. डावीकडे वळताना भुंगा वाढायचा, उजवीकडे वळताना जवळजवळ गप्प. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणजे दुखणं उजवीकडे. भले भले इथे चुकतात आणि चांगलं बेअरिंग काढून बसतात. खात्री म्हणून घरी चाक उचललं. बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवलं, खेळ जाणवला नाही. मग एक हात शॉकच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर लागत होती, जात्यात खडा आल्यासारखी. डाव्या चाकाला तसंच केलं, तिथे स्प्रिंग शांत. निदान झालं.

गॅरेजला फोन केला तर चार दिवस गाडी ठेवा म्हणाले. कारण नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग, काढून चिपळूणला प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, पाठवावी लागते, आणि तिकडे माणूस जाईल तेव्हा जाईल. मी विचारलं, मग मागच्या वेळी तासाभरात कसं झालं होतं? पलीकडे जरा शांतता. मग, "तेव्हा ठोकून बसवलं होतं, दादा." बेअरिंग आठ महिन्यांत गेलं ते हातोड्याने की समुद्राने, हे मला आजही सांगता येणार नाही. पण या वेळी काम माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, एवढं मात्र ठरलं.

अवजारं घ्यायला बसलो तेव्हा पहिली चूक पहिल्याच अवजाराला केली. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, ॲक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, त्याला मोठी गोटी, म्हणजे सॉकेट, लागते. व्हिडिओतल्या माणसाने ३२ची लावली म्हणून मी ३२ची मागवली. व्हिडिओतली गाडी वेगळी, माझी वेगळी. माझा नट निघाला ३०चा. दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला काही वाटत नाही, पण ३२ची गोटी ३०च्या नटावर जोराने फिरवली की नटाचे कोपरे जातात आणि मग छिन्नी-हातोड्याशिवाय गत्यंतर राहत नाही. मी नशिबाने आधी हाताने घालून पाहिली, ती डुगडुगली. मग वडिलांचा जुना व्हर्निअर काढला, चाकाची टोपी काढून नट मोजला आणि तीसची आणली. आता कुणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगतो की खरेदीला निघण्याआधी व्हर्निअर घ्या. साधा, सरकणारा. डिजिटलच्या पडद्याला आमच्याकडची पावसाळी हवा मानवत नाही.

गोटी सहा कोपऱ्यांची घ्यावी. बारा कोपऱ्यांची सहज बसते, पण गंजलेल्या नटावर तिची पकड टोकांवरच असते. दुकानात चकचकीत क्रोमवाली आणि काळी इम्पॅक्टवाली (ठोके देत फिरवणाऱ्या मशीनची) अशा दोन्ही होत्या. काळी जाड, मार खाणारी. मी क्रोमची घेतली, कारण मशीन लावणार नव्हतो, आणि काळ्या मुलाम्याला खाऱ्या हवेत गंज फार लवकर धरतो. शेजारच्या अण्णांच्या काळ्या गोट्या एका पावसाळ्यात तांबड्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

गोटी फिरवायची कशाने, हा त्याहून मोठा प्रश्न. माझ्याकडे अर्ध्या इंचाचं रॅचेट होतं, आत दाते असलेलं, एकाच दिशेला पकडणारं हँडल. नट सोडवताना त्यावर पाइप घातला, वजन टाकलं, आणि आतून कुडकुड असा आवाज येऊन रॅचेट दोन्ही बाजूंना मोकळं फिरायला लागलं. दात गेले. चूक माझीच, रॅचेट हे पटापट फिरवायचं हत्यार आहे, अडलेलं सोडवायचं नव्हे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे हा नट १७५ न्यूटन मीटरला आवळायचा असतो. म्हणजे मीटरभर लांबीच्या टोकाला साधारण १८ किलो वजन. हे आवळताना. खारा गंज चढलेला नट सोडवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लागला तरी नवल नाही. म्हणून सरळसोट, दात नसलेली सरकती टी-दांडी आणली, आणि तिच्यावर विहिरीच्या जुन्या पंपाचा मीटरभर जीआय पाइप घातला. ही जोडी मोडायला माझ्यापेक्षा वजनदार माणूस लागेल.

बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट पाना घ्यायचा मोह झाला होता. जाहिरातीत आकडे मोठे असतात. स्वस्तातला घेऊन त्यातला अर्धा जोर मिळणार, आणि आमच्याकडे वीज गेली की बॅटरीही गेली. पंपाचा पाइप चार्ज करावा लागत नाही.

पाइप फिरवण्याआधी एक बारीक काम असतं, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. नटाची कड ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, नट आपोआप सुटू नये म्हणून. ती छिन्नीने उचलल्याशिवाय फिरवलं तर आटे खराब होतात. कड उचलली, गाडी जमिनीवरच ठेवली, आठवीतल्या मुलाला ब्रेकवर उभं राहायला सांगितलं आणि पाइपवर हळूहळू वजन टाकलं. आधी काहीच नाही. मग बंदूक उडावी तसा ठाप्‌ आवाज. मुलगा गाडीतून ओरडला, "बाबा, मोडलं!" मोडलं नव्हतं, सुटलं होतं. नट तिथेच ठेवला. तो ढिला असताना गाडीचं वजन चाकावर ठेवून ती पुढे-मागे ढकलायची नसते, कारण बेअरिंगच्या आतल्या रिंगांना एकत्र दाबून धरणारा तोच. जुनं बेअरिंग फेकायचंच होतं, पण सवय चांगली.

आता गाडी उचलणं. गाडीबरोबर येणारा कात्रीचा जॅक पंक्चरपुरता. त्याच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आमच्याकडे काय करतात, तर जॅक काढून गाडीखाली चिरा ठेवतात. घराला चालतो तो गाडीला का चालणार नाही, असा हिशेब. जांभा दगड भिंतीत बसला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कारण तिथे भार सगळीकडून सारखा येतो. गाडीच्या पट्टीची धार त्याच्या एका कडेवर आली की त्याचा भुगा होतो. छिद्राछिद्रांचा दगड तो. मी तीन टनी दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, घेतल्या, आणि त्यांच्या पायाखाली फणसाच्या फळीचे दोन तुकडे. पावसानंतर अंगणातली माती एवढी मऊ असते की घोडीचा एक पाय रुतला तरी गाडी कलंडते. चिरे वापरले ते मागच्या चाकांना अडण म्हणून. या सगळ्या कामात जिथे एक रुपया वाचवायचा नाही अशी वस्तू कुठली, तर घोड्या.

चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगला. तो होजवर लोंबकळत ठेवला की होज आतून चिरतो आणि ते दिसत नाही. त्यानंतर जिथे माझा एक पूर्ण रविवार गेला ती जागा आली. ॲक्सल हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, खाचांत गंजाने चिकटला होता. आत भेदणारं तेल मारलं, तासभर थांबलो, पुन्हा मारलं. नट उलटा लावून आट्यांच्या टोकाशी बरोबरीत आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा धरला आणि दोन पौंडी हातोड्याने ठोकलं. नट लावायचा तो आट्यांचं टोक फुलू नये म्हणून. संध्याकाळी डास यायला लागले तेव्हा ॲक्सल सुटला.

बॉल जॉइंट काढायला दोन प्रकारची अवजारं मिळतात. एक दुबेळक्याच्या आकाराची पाचर, ठोकून घालायची. स्वस्त, आणि ती रबरी बूट फाडल्याशिवाय राहत नाही. दुसरी स्क्रूवाली, दाबून सुटणारी, थोडी महाग. बूट फाटला की वर्षभरात बॉल जॉइंटही नवा, म्हणून स्क्रूवाली. शॉकचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर पंचने खुणा केल्या, तरी नंतर अलाइनमेंट करून घ्यावी लागलीच.

नकल हातात आली. आता सरक्लिप. बेअरिंग नकलेतून बाहेर येऊ नये म्हणून आत एक स्प्रिंगची कडी बसवलेली असते. ही काढायचा प्लायर आतल्या सरक्लिपचा हवा, मूठ दाबली की टोकं जवळ येतात असा. बाहेरच्या सरक्लिपचा उलटा चालतो. बदलत्या टोकांचा एकच प्लायर दोन्ही कामं करतो म्हणून मी तो स्वस्तातला घेतला होता. गंजलेल्या कडीच्या भोकात त्याची टोकं घातली, दाबलं, आणि टोकं वाकली. ओल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. मग नाशिकच्या टपारियाचा सरळ, एकाच कामाचा प्लायर आणला. त्याने कडी सुटली, पण सुटली ती उडालीच. जास्वंदीत कुठेतरी गेली, आजतागायत सापडलेली नाही. डोळ्यांवर चष्मा होता, एवढंच बरं. नव्या बेअरिंगबरोबर नवी सरक्लिप येते का, हे विकत घेतानाच डबा उघडून बघावं. माझ्या डब्यात होती.

बेअरिंग आणताना जुन्याच्या कडेवरचा नंबर वाचला होता. DAC आणि पुढे आठ आकडे असा असतो तो. माझा होता डीएसी ३७७२००३७. हे कोडं नाही, माप आहे. आतलं भोक ३७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ७२, रुंदी ३७. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, जयपूरला एनबीसीचा, जपानी कंपन्यांचीही मिळतात. त्यातलं कुठलंही घ्या, पण पावती देणाऱ्या दुकानातून. खोटी बेअरिंगं सुंदर डब्यांत येतात. एबीएसवाल्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीचं बेअरिंग आणखी जपून घ्यायचं, कारण बऱ्याच गाड्यांत त्याच्या एका बाजूच्या सिलातच चुंबकी पट्टा असतो आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलटं बसवलं की मीटरवर दिवा, आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा त्यानंतरची गाडी असेल तर हे आधी बघा.

इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं काम जोराचं होतं, आणि तो जोर सरळ रेषेत लागायला हवा होता. हबमधून नकल सोडवायची, जुनं बेअरिंग दाबून काढायचं, नवं दाबून बसवायचं. ७२ मिलिमीटरचं बेअरिंग त्याच्यापेक्षा किंचित लहान भोकात जायचं असतं, टनाटनाचा दाब लागतो. वीस टनी प्रेस घरी घ्यायचा विचारही केला होता, किंमत पाहून सोडला. एवढ्याशा कामासाठी पडवीत एवढं लोखंड उभं करायचं, आणि त्याला दरवर्षी तेल पाजायचं! नकल गोणपाटात गुंडाळली, स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि चिपळूणला लेथवाल्या मेस्त्रींकडे गेलो.

त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर २०२१च्या जुलैतल्या पुराची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर. लेथची मोटर, प्रेसचा पंप, सगळं तेव्हा पाण्यात होतं, सगळं उघडून वाळवलं असं ते सांगतात. त्यांनी नकल हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मागच्या वेळी कुणी ठोकलं हे?" मला दाखवलं. भोकाच्या कडेला छिन्नीची दोन चरे होती. ती त्यांनी कानशीने आधी गुळगुळीत केली.

मग मी जे पाहिलं ते कुठल्याही व्हिडिओत इतकं नीट दिसलं नव्हतं. हब दाबून काढला तेव्हा बेअरिंग फुटलं, गोळ्या ट्रेमध्ये सांडल्या, आणि आतली अर्धी रिंग हबच्या दांड्यावरच राहिली. हे असं होतंच. मेस्त्रींनी ग्राइंडरने त्या रिंगेला तिरका काप दिला, पूर्ण नाही, पाऊण जाडीपर्यंत. पुढे कापलं तर हबला चर पडतो आणि नवी रिंग तिथे नीट बसत नाही. मग कापात छिन्नी ठेवून एक टोला. टक्‌. रिंग चिरली आणि हाताने निघाली. रिंग कडक पोलादाची, म्हणून वाकत नाही, फुटते.

जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग त्यांनी फेकली नाही. लेथवर चढवून तिचा बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी केला. "हाच तुमचा साचा," म्हणाले. नव्या बेअरिंगवर ती ठेवली. आता दाब बरोबर नव्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर जाणार, आणि साचा किंचित लहान असल्यामुळे भोकात अडकणार नाही. प्रेसचा दांडा खाली आला, गेजचा काटा चढत गेला, बेअरिंग एका सरळ रेषेत आत सरकत गेलं. तळाला टेकलं तसा काटा एकदम उडाला आणि मेस्त्रींनी हात काढला. "काटा उडाला की थांबायचं. त्याच्या पुढचा जोर सगळा बेअरिंग खातं."

हब बसवताना त्यांनी नकल उलटी केली आणि खालून बेअरिंगच्या आतल्या रिंगला एका नळकांड्याचा आधार दिला. इथेच सगळी मेख आहे. हब आतल्या रिंगमध्ये घट्ट जातो, म्हणून आधारही आतल्याच रिंगला हवा. नकल नुसती टेबलावर ठेवून हब दाबला तर सगळा दाब गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगमध्ये जातो. गोळ्या आपल्या वाटेवर खड्डे पाडतात, डोळ्यांना न दिसणारे. गाडी पहिल्या दिवशी गप्प असते आणि काही महिन्यांनी भुंगा परत येतो. माझ्या मागच्या बेअरिंगला हेच झालं असणार, असं मेस्त्री म्हणाले. समुद्राचं मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी ३५० रुपये घेतले. मी तोवर अवजारांवर त्याच्या कितीतरी पट घालवले होते.

घरी येऊन जोडणी उलट्या क्रमाने. नवा नट घेतला, जुना पुन्हा वापरायचा नसतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला टक्‌ करणारा पाना, घेताना आधी त्याचा वरचा आकडा पाहिला. दुकानात पहिला दाखवला तो ११० न्यूटन मीटरपर्यंतचाच होता, चाकाच्या नटांना पुरेल, ॲक्सलच्या नटाला नाही. मी ४० ते २१० चा घेतला. मुलगा पुन्हा ब्रेकवर, चाक अजून हवेत. १७५ला टक्‌ झालं. नटाची कड खाचेत ठोकली. मगच चाक जमिनीला लागलं.

डाव्या बाजूचं काम आलं पुढच्या मार्चात, आंब्याच्या ऐन तोंडावर. चिपळूणला दिवसभर जायला वेळ नव्हता. तेव्हा मी स्क्रूचा किट घेतला होता, पुण्याहून मागवलेला. जाड आट्यांचा लांब दांडा, दोन नट आणि वेगवेगळ्या व्यासाच्या वाट्या. नकल गाडीलाच राहते, किटची एक वाटी एका बाजूने, दुसरी दुसऱ्या बाजूने, मधून दांडा. नट फिरवला की दोन्ही जवळ येतात आणि बेअरिंग सरकतं. घरी करणाऱ्याला प्रेसच्या जवळ जाणारं दुसरं काही नाही.

किट घेताना मी दोनच गोष्टी पाहिल्या. दांड्यावर १०.९ अशी मजबुतीची खूण आहे का, आणि वाट्यांचे व्यास किती किती अंतराने आहेत. ७२च्या बेअरिंगला ढकलायला ७१ची किंवा त्याहून थोडी लहान वाटी लागते, आणि पलीकडे बेअरिंग जिच्यात येऊन बसेल ती आतून ७२पेक्षा मोठी. बरोब्बर ७२ची वाटी ढकलायला लावली तर तीच नकलेत अडकून बसते, आणि मग तिला काढायला दुसरं बेअरिंग नाही. काही किटांत ६९ नंतर थेट ७४ येते. असा किट माझ्या काय कामाचा?

बॉल जॉइंट तेवढा सोडवला, शॉकला हात लावला नाही, नकल बाहेर वळवून ॲक्सल काढला. हब मागून पितळी दांडा लावून हातोड्याने काढला. जाणाऱ्या बेअरिंगवर हातोडा चालतो. मग किट लावला आणि उत्साहात आट्यांना ग्रीस लावायचं विसरलो. दहा-बारा फेऱ्या झाल्या, नट किंचाळायला लागला, तरी पाइप ओढतच होतो. शेवटी नट मागे घेतला तर दोन आट्यांवर खाल्ल्याची पांढरी चमक. बारीक कानशीने साफ केलं, मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस थापलं, नटाखाली किटातलं छोटं थ्रस्ट बेअरिंग घातलं. त्याच पाइपला आधी दोन्ही हात लागत होते, आता एका हाताने फिरायला लागला.

नवं बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. २८ अंशांवरून उणे १८ला गेलं की ७२ मिलिमीटरचं पोलाद ०.०४ मिलिमीटरने आक्रसतं. केसाच्या जाडीहून कमी, पण अशा बसणीत तेवढंच हवं असतं. आईने सकाळी सुरमईचे तुकडे काढायला फ्रीझर उघडला आणि प्लास्टिकच्या पिशवीतला तो लोखंडी गोळा हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. "हे काय शिजवायचं आहे?" मी म्हटलं, भुंगा. तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि पुढचे तीन दिवस मासे मला वास घेऊनच वाढले.

फ्रीझरच्या युक्तीत एक गोम आहे, ती आमच्याकडे जास्त. मार्चातली दमट हवा. गार बेअरिंग पिशवीतून काढलं की त्यावर दहिवर पडतं, अर्ध्या मिनिटात सगळं ओलं. तसंच भोकात दाबलं की ओल आत कोंडते आणि गंज तिथूनच सुरू. म्हणून पिशवी नकलेशी नेऊन उघडली, भोकात आधीच ग्रीसचा पातळ हात फिरवलेला होता, कोरड्या फडक्याने बेअरिंग पुसलं आणि थेट लावलं. पहिले काही मिलिमीटर ते हाताच्या दाबाने सरळ गेलं. बेअरिंग तिरपं शिरलं की संपलं, आणि गार असल्यामुळे ते तिरपं शिरलं नाही, हाच त्या रात्रभराचा खरा फायदा. बाकीचं किटने ओढलं. तळाला टेकल्याचा गेज इथे नव्हता, पण पाइपला कळलं. एका फेरीत सहज जात होतं आणि पुढच्या फेरीत भिंत.

हब बसवताना मेस्त्रींचं नळकांडं आठवलं आणि आतल्या रिंगच्या मापाची लहान वाटी मागून लावली. चार तासांत काम झालं, त्यातला एक आटे खाल्ल्यामुळे.

आता आमच्याकडे अवजारं टिकवायची म्हणजे मृगाच्या आधी सगळी काढून, पुसून, इंजिन ऑइलचा हात देऊन, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरायची. टॉर्क रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबून राहते आणि माप चुकतं. क्रोमच्या गोट्या दोन पावसाळे झाले तरी ठीक आहेत. किटच्या वाट्यांवर मात्र कडेकडेने तांबूस यायला लागलंय.

चुकून आणलेली ३२ची गोटी कपाटात पडून होती. गेल्या महिन्यात अण्णांच्या जुन्या पिकअपचा नट बरोब्बर ३२चा निघाला. ते गोटी घेऊन गेले, पंपाचा पाइपही घेऊन गेले. दोन्ही अजून परत आलेलं नाही, आणि परवा त्यांच्या अंगणातून ठाप्‌ असा ओळखीचा आवाज आला.